गाम्लाच्या दोघीजणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला विषय कोणता घ्यावा, याची चर्चा कार्यकारिणीत झाली तेव्हा पाककला, आरोग्य, मुलांचा अभ्यास असे उपयोगी विषय पुढे आले होते. मी दोन हजार वर्षांपूर्वी जळून गेलेल्या परमुलखातल्या एका गावाविषयी बोलेन असे म्हटले, तेव्हा चिटणीसबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. तथापि माझी सारी नोकरी मुलींच्या शाळेत इतिहास शिकविण्यात गेली हे त्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी विरोध केला नाही. अट एवढीच घातली की चहा थंड होईपर्यंत बोलू नये. ती अट मी पाळणार आहे.

त्या गावाचे नाव गाम्ला. गालील सरोवराच्या ईशान्येला गोलान नावाचे पठार आहे. १९६७ च्या युद्धापर्यंत ते सिरियाच्या ताब्यात होते, त्या युद्धात इस्राएलने ते घेतले. या पठाराला खोल दऱ्या पडल्या आहेत. अशाच दोन दऱ्यांच्या मध्ये एक सोंड पुढे आली असून तिच्या टोकाला उंटाच्या मदारीसारखी टेकडी आहे. उंटाला तिकडच्या भाषेत 'गमल' म्हणतात, त्यावरून गावाचे नाव पडले. आपल्यापैकी ज्यांनी राजगड-तोरणा पाहिला आहे त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणावयास कष्ट पडणार नाहीत. तीन बाजूंना उतार आणि दऱ्या, चौथ्या बाजूला मात्र जमिनीशी जोडणारी अरुंद खिंड. आणखी एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे. तेथला दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा, ज्वालामुखीतून निघालेला. घरे काळ्या दगडाची, तटही काळ्या दगडाचा, आणि जातीसुद्धा काळ्याच दगडाची.

हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगते. माझी एक जुनी सहशिक्षिका बेने इस्राएल आहे, माहेर अलिबागकडचे. निवृत्तीनंतर ती मुलाकडे इस्राएलात राहावयास गेली. अजून मराठीतच पत्रे लिहिते. तिने मला गाम्लाची छायाचित्रे आणि एक पुस्तक पाठविले, आणि सोबत लिहिले, "तू मुलींना नेहमी विचारायचीस ना, हे कुणी पाहिले, कुणी लिहिले? मग हे वाच." तेव्हापासून मी वाचीत आहे.

गाम्लाची लढाई ज्याने लिहिली त्याचे नाव जोसीफस. हा गृहस्थ फार चमत्कारिक आहे. इ. स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमन साम्राज्याविरुद्ध बंड पुकारले. फ्लोरस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने यरुशलेमच्या मंदिराच्या भांडारातून सतरा टॅलंट द्रव्य उचलले, हे तात्कालिक कारण. असंतोष त्याआधी कित्येक वर्षे साचत आला होता. त्या बंडात जोसीफस गालीलचा यहुदी सेनापती होता, आणि गाम्लाची तटबंदी आपणच करविली असे तो सांगतो. पुढे ६७ च्या उन्हाळ्यात योदफात नावाचे गाव पडले तेव्हा तो रोमनांच्या हाती लागला. त्याने रोमन सेनापती वेस्पासियन याला "तू सम्राट होशील" असे भविष्य सांगितले आणि जीव वाचविला. पुढे ते खरे ठरले. जोसीफसला रोमचे नागरिकत्व मिळाले, निवृत्तिवेतन मिळाले, राहावयास घर मिळाले, आणि तेथे बसून त्याने या युद्धाचा इतिहास ग्रीक भाषेत लिहिला. म्हणजे गाम्लाचा तट बांधविणाराही तोच, आणि तो तट फोडणाऱ्यांच्या पदरी राहून त्याची हकीकत लिहिणाराही तोच. कुणाच्याही साक्षीला यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा साक्षीदार मिळणे कठीण.

त्याच्या हकीकतीतला मुख्य भाग थोडक्यात असा. गाम्ला प्रथम बंडात नव्हते. हा मुलूख अग्रिप्पा नावाच्या, रोमच्या मांडलिक राजाच्या ताब्यातला. त्याचा एक सरदार, याकिमसचा मुलगा फिलिप, याचे गावात वजन होते आणि त्याने गाव राजाशी एकनिष्ठ ठेवले होते. तो तेथून गेल्यावर वारे फिरले. राजाच्या फौजेने सात महिने वेढा दिला, गाव पडले नाही. मग वेस्पासियन तीन पलटणी घेऊन आला. राजा अग्रिप्पा शरणागतीची बोलणी करावयास तटाजवळ गेला, तेव्हा गावातल्या कुणी गोफण फिरविली आणि दगड त्याच्या उजव्या कोपरावर बसला. बोलणी तेथेच संपली.

पहिल्या हल्ल्यात रोमनांनी तट फोडला आणि ते आत घुसले. पण ते गाव होते उतारावर, एकावर एक रचल्यासारखे. खालच्या घराचे माळवद ते वरच्या घराचे अंगण. जोसीफस म्हणतो की घरे हवेत टांगल्यासारखी दिसत. गावकरी मागे हटत वर चढले आणि तेथून उलटून पडले. अरुंद बोळांत कोंडलेले सैनिक माळवदांवर चढले. इतका भार त्या माळवदांना कोठून सोसणार? एक घर कोसळले ते खालच्यावर पडले, ते त्याच्या खालच्यावर. धुरळ्यात सैनिक गुदमरले, आपलेच आपल्यांवर तलवार चालवू लागले. खुद्द वेस्पासियन वर अडकला आणि ढाली जोडून पाठमोरा न होता पावलापावलाने मागे हटला. रोमन फौजेची अशी दैना त्या मोहिमेत क्वचितच झाली असेल.

या गोंधळातली एक गोष्ट जोसीफस चार ओळींत सांगून पुढे जातो. मला मात्र ती पुढे जाऊ देत नाही. गॅलस नावाचा एक रोमन शतपती दहा सैनिकांसह एका घरात लपून राहिला. ते सगळे मूळचे सिरियाचे, म्हणून त्यांना गावची भाषा समजत होती. रात्री घरातली माणसे जेवावयास बसली आणि उद्या काय करावयाचे, रोमनांना कसे तोंड द्यावयाचे, हे बोलू लागली. लपलेल्यांनी ते सारे ऐकले. मग रात्री उठून त्यांनी त्या घरातल्या सगळ्यांचे गळे कापले आणि छावणीत परत गेले. वेढ्यात धान्य संपत आलेले, तरी त्या बाईने त्या रात्री चूल पेटवून काहीतरी शिजविले असणार आणि वाढताना तीही दोन शब्द बोलली असणार. रोमन लष्कराच्या दृष्टीने गॅलस हा धाडसी शतपती.

शेवट पहाटेच्या अंधारात झाला. पंधराव्या पलटणीच्या तीन सैनिकांनी एका बुरुजाच्या पायाशी रांगत जाऊन पाच मोठे दगड सरकविले आणि उड्या मारून बाजूला झाले. बुरूज पहारेकऱ्यांसह खाली आला. गावचे दोन पुढारी होते, केरेस आणि योसेफ. केरेस आजारी होता, तो धक्क्याने अंथरुणातच गेला. योसेफ खिंडारातून निसटताना मारला गेला. या योसेफाचा उल्लेख जोसीफसच्या आत्मचरित्रात 'सुईणीचा मुलगा' असा येतो, तो हाच असावा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वैद्यकी करणारी बाई असाही होतो. बापाचे नाव नाही, आईचा धंदा हीच त्याची ओळख. गावातली निम्मी पोरे तिच्या हातावर जन्मली असतील, तिच्या मुलामागे तरुण का गेले हे त्यावरून थोडे उमगते.

दुसऱ्या दिवशी वेस्पासियनाचा मुलगा टायटस दोनशे घोडेस्वार आणि पायदळ घेऊन आत शिरला. लोक बायकापोरांना घेऊन वरच्या टोकाकडे धावले. त्या वेळी वावटळ सुटली आणि तीही रोमनांच्या बाजूने. गावकऱ्यांचे बाण वाऱ्याने परत येत. रोमनांनी तान्ह्या पोरांनाही सोडले नाही, वरून खाली फेकले. जोसीफसचा हिशोब असा: चार हजार मारले गेले, पाच हजारांनी स्वतःला आणि बायकामुलांना दरीत झोकून दिले, आणि वाचल्या फक्त दोन स्त्रिया. त्या फिलिपच्या बहिणीच्या मुली, म्हणजे त्याच राजनिष्ठ सरदाराच्या भाच्या. लपून राहिल्यामुळे वाचल्या.

येथे मी थांबले. तुम्हीही थांबा. जोसीफसने त्यांच्या मामाचे नाव दिले आहे, मामाच्या बापाचे नाव दिले आहे, आजोबा किती प्रतिष्ठित होते तेही सांगितले आहे. त्या दोघींची नावे नाहीत. एवढ्या संहारातून वाचलेली माणसे दोन, आणि ती दोनच नावे लिहिणाऱ्याला सुचली नाहीत! रोमन शतपतीचे नाव मात्र बिनचूक.

आता उत्खननाकडे वळते. कारण लिहिलेल्या गोष्टीचा पडताळा पाहावयाचा तर दुसरा मार्ग जमिनीतून जातो.

गाम्ला पडल्यावर ते गाव पुन्हा वसले नाही. एवढ्या आडवाटेच्या, पाण्याला दूर, चढायला अवघड जागेवर कुणाला हौस? गाव विसरले गेले, इतके की एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी नाव मिळतेजुळते आहे म्हणून दुसऱ्याच एका ठिकाणी त्याचा शोध लावला. १९६८ मध्ये गोलानची पाहणी करताना इत्झाकी गाल नावाच्या संशोधकाला ही टेकडी जोसीफसच्या वर्णनाशी पदोपदी जुळते असे दिसून आले. मग १९७६ पासून १९८९ पर्यंत श्मारिया गुटमन यांनी तेथे उत्खनन केले. हे गृहस्थ किब्बुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीतले. विद्यापीठाची पुरातत्त्वातली पदवी त्यांच्यापाशी नव्हती. काम सुरू केले तेव्हा वय साठीच्या पुढे गेले होते. मला हा भाग वाचून फार बरे वाटले, हे कबूल करते.

गाव पुन्हा वसले नाही याचा पुरातत्त्वाला मोठा लाभ झाला. एरवी जुन्या गावावर नवे गाव बसते, जुने दगड उपटून नव्या भिंतीत जातात. येथे ६७ सालचा शेवटचा दिवस जसाच्या तसा मातीखाली राहिला. घर कोसळले ते कोसळलेल्या अवस्थेत, मडके फुटले ते फुटलेल्या जागी. कुदळ लागते ती वरच्या ढिगाऱ्यापुरती, पुढे लहान खुरपी, ब्रश आणि चाळणी. नाणी सहा हजारांवर निघाली. बहुतेक जुन्या हास्मोनी राजांच्या वेळची आहेत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांची नाणी हातोहात चालत होती. हातावर मोजण्याइतकी काही नाणी मात्र गाम्लातच, वेढ्याच्या धामधुमीत पाडलेली. ओबडधोबड ब्राँझची, अक्षरे कशीबशी उमटलेली, पण त्यांवर यरुशलेमच्या मुक्तीची भाषा आहे. ज्या गावाला दुसऱ्या दिवसाची भाकरी मिळेल की नाही हे ठाऊक नव्हते, त्या गावाने नाणे पाडले. याला वेडेपणा म्हणावयाचा की काय, ते ज्याने त्याने ठरवावे. मला ते समजते.

तटाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जोसीफस म्हणतो, तट मी बांधविला. उत्खननात दिसले ते असे की मोठा, आखीव-रेखीव तट तेथे नव्हताच. गावाच्या पूर्वेच्या कडेला जी घरे होती तीच एकमेकांना जोडून घेतली. मधल्या बोळांची तोंडे दगडांनी बुजविली, आणि कडेच्या खोल्या दगडमातीने गच्च भरून भिंत जाड केली. काही ठिकाणी जाडी सहा मीटरपर्यंत. म्हणजे कुणाचे माजघर, कुणाची कोठी त्या तटात गेली. सेनापतीने हुकूम दिला असेल, पण घरे रिकामी करून दिली ती घरातल्या माणसांनी, आणि दगडाच्या पाट्या कोणी वाहिल्या असतील हे आपल्याला सांगावयास नको.

त्या तटाला पडलेले खिंडार अजून दिसते. आज गाव पाहावयास जाणारे तेथूनच आत जातात. खिंडाराच्या आसपास आणि तटाच्या कडेने जे सापडले ते पाहून लष्करी इतिहासाचे अभ्यासक चकित झाले: सुमारे दोन हजार दगडी गोळे, सोळाशेच्या आसपास बाणांची टोके, यंत्राने फेकावयाच्या जाड लोखंडी भाल्यांची शंभरएक टोके. गोळे तेथल्याच काळ्या दगडाचे, घडवून वाटोळे केलेले. पिळलेल्या तातींच्या ताणावर चालणाऱ्या यंत्रांतून ते फेकीत. एका लहानशा गावावर एवढा मारा! रोमन साम्राज्यात दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी इतका दारूगोळा एकत्र सापडलेला नाही असे म्हणतात. दारूगोळा हा शब्द चुकीचा, दारू तेव्हा नव्हती, पण दुसरा सुचत नाही. खिंडारातच शिडी अडकविण्याचा आणि भिंत ओढण्याचा एक लोखंडी आकडा सापडला. जोसीफस लढाईचे जे सांगतो ते या बाबतीत खरे निघाले.

खिंडाराच्या जवळच सभास्थान आहे. कोकणातले बेने इस्राएल आपल्या बोलीत ज्याला 'मशीद' म्हणत आले, ते प्रार्थनामंदिर. जगातल्या सर्वांत जुन्या सभास्थानांत याची गणना होते. घडीव काळ्या दगडाची लांबरुंद इमारत, खांबांच्या ओळी, आणि भिंतींच्या कडेने पायऱ्यांसारखी दगडी बाके. शेजारी विधिपूर्वक स्नानाचे कुंड. यहुदी लोकांत शुद्धाशुद्धीचे नियम फार कडक होते. आपल्या आजीच्या सोवळ्यासारखेच, आणि काही बाबतींत त्याहून कडक. मातीचे भांडे विटाळले तर फोडावे लागे. दगडाला विटाळ होत नाही असे शास्त्र. म्हणून तिकडच्या घरोघरी मऊ, पांढऱ्या दगडाचे पेले आणि घागरी असत. तशी भांडी गाम्लातही पुष्कळ सापडली. एका तेलाच्या घाण्याला तर लागूनच स्नानकुंड आहे, म्हणजे तेल काढणारा आधी शुद्ध होऊन यावयाचा. ऑलिव्हचे ते तेल शुद्ध म्हणून विकले जाई.

तेलावरून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. याच युद्धात गिस्कालाचा योहान नावाचा पुढारी होता, जोसीफसचा हाडवैरी. सिरियाकडच्या यहुद्यांना शुद्ध तेल मिळेना, तेव्हा याने गालीलातून चार घडे ज्या किमतीला घेतले त्याच किमतीला तिकडे अर्धा घडा विकला. आठपट! वैऱ्याने लिहिलेले आहे, तेव्हा आपणही थोडे कमी करून घ्यावे. पण युद्ध आले की तेलाचे भाव कोण वाढवितो, हे कळावयास दोन हजार वर्षे मागे जावे लागत नाही.

आणि तेल म्हटले की आपले शनिवार तेली आठवतात. कुलाबा जिल्ह्यात, ज्याला आता रायगड म्हणतात, बेने इस्राएल पिढ्यान् पिढ्या तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत; म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी, गाम्लाच्याही आधी, छळाला कंटाळून निघाले आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांचे गलबत फुटले. वाचले सात पुरुष आणि सात स्त्रिया. त्या सातजणींचीही नावे कुणाला माहीत नाहीत. माझी मैत्रीण त्यावर म्हणते, "नावे नसली तरी आम्ही आहोत ना!" गाम्लाचा आणि कोकणाचा सरळ संबंध मी जोडीत नाही, तसा पुरावा नाही.

सभास्थानाकडे परत येते. तेथे उत्तरेच्या भिंतीपाशी लहान लहान चुली सापडल्या. विटांच्या नव्हेत, चार दगड मांडून केलेल्या, साध्या. त्यांच्याभोवती स्वयंपाकाची मडकी आणि साठवणीचे रांजण, पुष्कळ. आता ज्या जागी शुद्ध होऊन बसावयाचे, धर्मग्रंथ वाचावयाचा, तेथे चुली कशा? तज्ज्ञ सांगतात की आसपासच्या खेड्यांतून जीव घेऊन पळालेली कुटुंबे गाम्लात आली. घरे भरली, मग सभास्थान उघडून दिले. त्याच जमिनीवर दीडशेहून अधिक दगडी गोळे आणि शंभराहून अधिक बाणांची टोके पडलेली होती. गोळे पडू लागले तेव्हा चुलीपाशी कोणी होते की नव्हते, ते जमीन सांगत नाही.

मी दुष्काळात देवळाच्या ओवऱ्यांत राहिलेली माणसे पाहिली आहेत, पूर आला तेव्हा शाळेच्या वर्गात मांडलेल्या चुली पाहिल्या आहेत. आपल्या मंडळाच्या भगिनींनीच त्या वर्गांत पिठले-भात रांधला होता. म्हणून मला त्या राजवाड्यासारख्या खांबांपेक्षा त्या चार दगडांच्या चुली जवळच्या वाटतात.

घरांतून निघालेल्या वस्तूही अशाच ओळखीच्या: जाती, दिवे, किल्ल्या, अंगठ्यांतले खडे, प्रसाधनाची लहानसहान साधने. गालीलात योदफातला, जे गाव गाम्लाच्या आधी पडले, १९९२ ते २००० या काळात उत्खनन झाले. तेथे घराघरांतून मागाचे सूत ताणून धरणारी वजने आणि चातीच्या चकत्या निघाल्या. गावात लोकर विणण्याचा धंदा होता. तेथेच एक सपाट दगड सापडला. त्याच्या एका बाजूला कुणीतरी थडग्याच्या इमारतीचे चित्र ओरखडले आहे आणि दुसऱ्या बाजूला खेकडा. खेकडा म्हणजे कर्क रास, आणि योदफात पडले ते त्याच महिन्याच्या आरंभी, असा अर्थ लावला गेला आहे. वेढ्यात बसलेल्या माणसाने आपला महिना आणि आपले थडगे दगडावर काढून ठेवले, असे मानले तर तो दगड हातात धरवणार नाही.

योदफातच्या टाक्यांतून माणसांच्या अस्थी निघाल्या, बायकांच्या आणि मुलांच्याही. लढाईनंतर केव्हातरी कुणीतरी त्या गोळा करून तेथे ठेवल्या होत्या. गाम्लात मात्र, नऊ हजार माणसे मेली असे जेथे लिहिले आहे तेथे, इतक्या वर्षांच्या खोदकामात मनुष्याचा एकच जबडा सापडला. बाकीचे कोठे गेले? उत्खननात काम केलेले डॅनी स्योन यांचे मत असे की मृतांना जवळपास कोठेतरी सामुदायिक खड्ड्यांत पुरले असावे. आकडाही फुगविलेला असावा असे बहुतेकांना वाटते. जोसीफसला मोठे आकडे आवडत.

आणि दरीत झोकून दिलेल्या पाच हजारांचे काय? भगिनींनो, अशी गोष्ट ऐकली की आपल्याला लगेच जोहार आठवतो. मीही वर्गात जोहार शिकविला आहे, मुलींच्या डोळ्यांत पाणी आलेले पाहिले आहे. गाम्लाला तर 'उत्तरेची मसादा' म्हणतात, कारण मसादा किल्ल्यावरही सगळ्यांनी मरण पत्करले असे जोसीफसच सांगतो. तेथेही दोन बायका आणि पाच मुले लपून वाचली, हे मात्र व्यासपीठावर कमी ऐकू येते. स्योन यांनी गाम्लाची जागा पाहून असे म्हटले आहे की ही ठरवून केलेली आत्महत्या नसावी. मागे सैनिक, पुढे तीव्र उतार, अशा वेळी हजारो माणसे पोरे काखेत घेऊन खाली धावली, घसरली, तुडविली गेली, दरीत पडली. दुरून पाहणाऱ्याला ती उडी दिसली.

मला हे पटते. ते अधिक साधे आहे म्हणून पटते. जी बाई पोराला काखेत घेऊन उतारावर धावते ती मरावयास धावत नाही, पलीकडच्या काठावर पोहोचावयास धावते. तिला आपण वीरांगना करून टाकतो, कारण मग तिला कोणी ढकलले हा प्रश्न विचारावा लागत नाही. आणि ज्या दोघी कोठीत की रांजणामागे की पडक्या भिंतीआड श्वास धरून बसल्या, बाहेर आपल्या माणसांचा आक्रोश ऐकत, त्यांच्यासाठी कुणी पोवाडा केला नाही. लपणे आपल्याकडे नामुष्कीचे. गॅलस लपला तर चातुर्य.

त्या दोघी बाहेर आल्यानंतरचे जोसीफस काही सांगत नाही. मामा राजाचा सरदार, म्हणून त्यांना गुलामगिरीत विकले नसावे. त्यांचे आडनावगोत्र इतिहासकाराला कळले ते त्यामुळेच. पण मामा जिंकणाऱ्यांच्या बाजूचा आणि मेलेले सारे शेजारी, अशा माणसाच्या घरी त्या जेवावयास कशा बसल्या असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. माझ्या मैत्रिणीला हे लिहिले तेव्हा तिने एका ओळीत उत्तर दिले, "जेवल्या असतील. जेवावे लागते."

तिने पाठविलेल्या छायाचित्रांत एक दरीवर घिरट्या घालणाऱ्या गिधाडांचे आहे. गाम्लाच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि तो सारा परिसर आता संरक्षित वन आहे. पूर्वी खूप होती, आता फार कमी झाली, असे ती लिहिते. आपल्याकडेही तीच तक्रार. जवळच देर करूह नावाच्या खेड्याचे पडके अवशेष आहेत. तेथे सिरियन माणसे राहत, १९६७ च्या युद्धात तेही ओस पडले. गाम्ला पाहावयास जाणाऱ्यांच्या वाटेवरच ते लागते. त्या घरांचाही दगड काळाच.

सापडलेल्या वस्तू गोलानमधल्या कात्झ्रिन गावच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत: गोळे, बाणांची टोके, ते गाम्लाचे ओबडधोबड नाणे, आणि मडकी. मडक्यांचे तुकडे जुळवून ती पुन्हा उभी केली आहेत, गळ्यापाशी लाख लावल्यासारखे सांधे दिसतात. एका छायाचित्रात मी भिंगाने पाहिले. बुडाशी काजळी तशीच आहे.